गाडीतली टचस्क्रीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यात फोन जोडण्याचे प्रश्न येतात. पाच-सहा महिन्यांनी 'मध्येच हँग होते' सुरू होतं, आणि गाडी विकायला काढली की आत साठलेल्या माहितीची आठवण होते. खालचे प्रश्न साधारण त्याच क्रमाने लावले आहेत. मेनूतली नावं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात. इथे 'ब्लूटूथ' लिहिलं असेल तिथे तुमच्या स्क्रीनवर 'फोन' किंवा 'डिव्हाइस' सापडेल. सेटिंगमध्ये शिरायचं ते गाडी उभी असतानाच, हे प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहिलेलं नाही, धरून चाला.

१. फोन न जोडता ही स्क्रीन काय कामाची?

बऱ्याच कामाची. रेडिओ, पेनड्राइव्हवरची गाणी, रिव्हर्स कॅमेरा, घड्याळ आणि गाडीची स्वतःची सेटिंग, म्हणजे दरवाजे आपोआप कधी लॉक व्हावेत, उतरल्यावर हेडलाइट किती वेळ चालू राहावेत, हे सगळं फोनशिवाय चालतं. ज्या गाडीत कंपनीचं नेव्हिगेशन आहे तिथे नकाशाही चालतो. फोन लागतो तो कॉल, मेसेज, ऑनलाइन गाणी आणि ताज्या ट्रॅफिकसाठी. गाडीत फोन जोडायचाच नाही असं ठरवलेली माणसंही आहेत आणि त्यांचं काही अडत नाही.

२. ब्लूटूथवर कॉल येतात, गाणीही वाजतात. मग अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले वेगळं काय देतात?

ब्लूटूथवरून येतो तो आवाज, आणि परवानगी दिली असेल तर नंबरांची यादी. नकाशाचं चित्र त्यातून येत नाही. अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपल कारप्लेमध्ये फोन आपलं एक वेगळं, मोठ्या बटणांचं रूप गाडीच्या स्क्रीनवर पाठवतो. अ‍ॅप चालतं फोनमध्येच, इंटरनेटही फोनचंच खर्च होतं. गाडी फक्त चित्र दाखवते आणि तुमचं बोट कुठे लागलं ते फोनला कळवते. कारप्ले २०१४ मध्ये जाहीर झालं, अँड्रॉइड ऑटो २०१५ पासून गाड्यांत येऊ लागलं. त्यामुळे त्याआधीच्या गाडीत टचस्क्रीन असली तरी हे पर्याय बहुधा नसतात. आणि फोन मंद असेल तर कितीही महागड्या स्क्रीनवर नकाशा मंदच चालणार.

३. अँड्रॉइड ऑटो आणि अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह एकच का?

नाही. अँड्रॉइड ऑटो फोनमधून येतं. अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह ही गाडीचीच ऑपरेटिंग सिस्टिम. फोन घरी राहिला तरी ती चालते. गूगलच्या सेवा अंगभूत असलेली ही सिस्टिम पहिल्यांदा पोलस्टार २ या गाडीत २०२० मध्ये आली. आणखी एक घोळ लक्षात असू द्या: अशी सिस्टिम असली म्हणजे कारप्ले असेलच असं नाही. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये आपल्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांतून फोनचं हे प्रोजेक्शन (म्हणजे कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो) काढत असल्याचं जाहीर केलं. गाडी घेण्याआधी आपला फोन खिशातून काढून, जोडून बघणं हाच पक्का मार्ग.

४. पहिल्यांदा फोन जोडताना काय काय करायचं?

गाडी चालू करा, हँडब्रेक लावा, फोन अनलॉक ठेवा. स्क्रीनवर नवा फोन जोडण्याचा पर्याय उघडा आणि फोनच्या ब्लूटूथच्या यादीत गाडीचं नाव शोधा. दोन्हीकडे एकच आकडा दिसतो ना, हे बघूनच होकार द्या. पार्किंगमध्ये शेजारची गाडीही यादीत दिसत असते. त्यानंतर फोन एकामागून एक परवानग्या विचारतो आणि इथेच घाई नडते. नंबरांच्या यादीला नकार दिला की कॉल येताना नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. मेसेजला नकार दिला की ते वाचून दाखवले जात नाहीत. चुकून नकार गेला असेल तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावावर जाऊन तो बदलता येतो. सगळं पुसून पुन्हा जोडायची गरज नाही.

५. केबल लावली की फोन चार्ज होतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. स्क्रीन खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी खालच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

आधी केबल. बाजारात अशा कित्येक केबल असतात ज्यांच्यात वीज नेणाऱ्या तारा आहेत, डेटा नेणाऱ्या नाहीत. दोन्ही दिसायला हुबेहूब सारख्या. फोनसोबत डब्यात आलेली केबल लावून बघा. लांबीही महत्त्वाची: एक मीटरच्या आतली बरी. मागच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या लांब केबलवर चार्जिंग होतं, पण डेटा अडखळतो.

मग गाडीचा पोर्ट. दोन-तीन यूएसबी पोर्ट असतील तर त्यातला बऱ्याचदा एकच स्क्रीनला जोडलेला असतो. बाकीचे निव्वळ चार्जिंगचे. त्याच्याजवळ फोनचं किंवा यूएसबीचं चिन्ह असतं, चार्जिंगवाल्याजवळ विजेचं.

मग फोनचा पोर्ट. खिशातली कापसाची लव आत दाबून बसते आणि केबलचं टोक शेवटपर्यंत जात नाही. केबल हलवली की जोडणी जाते-येते असं होत असेल तर कारण हेच समजा. लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई घालू नका.

शेवटी फोनची सेटिंग. पहिल्या जोडणीला फोन अनलॉक लागतो. आयफोनमध्ये स्क्रीन टाइमच्या बंधनांत कारप्ले बंद करता येतं, आणि मुलांसाठी बंधनं घालताना ते नकळत बंद होतं. अँड्रॉइडमध्ये फोन केबलकडे 'फक्त चार्जिंग' म्हणून बघत असेल तर ते बदला. सगळं करूनही जमलं नाही तर दुसऱ्या कुणाचा तरी फोन त्याच केबलने त्याच पोर्टला लावा. तो लागला तर दोष तुमच्या फोनमध्ये आहे, आणि गाडी दुरुस्तीला नेण्याचा फेरा वाचतो.

६. वायरलेस जोडणी मधूनच तुटते. ब्लूटूथ कमजोर आहे का?

वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले ब्लूटूथवर चालत नाहीत. ब्लूटूथ फक्त ओळख पटवून देतं. पुढचं चित्र आणि आवाज गाडी आणि फोन यांच्यातल्या वायफायवरून जातो. म्हणून फोनचं वायफाय बंद ठेवायची सवय असेल तर जोडणी होणारच नाही. वायरलेस अँड्रॉइड ऑटोला साधारणपणे अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा फोन आणि ५ गिगाहर्ट्झ वायफाय लागतं.

तुटण्याची नेहमीची कारणं तीन. फोनमध्ये व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या मार्गाने वळवणारं अ‍ॅप) चालू असणं, बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने अ‍ॅपला मागे झोपवणं, आणि उष्णता. तिसरं कुणाच्या ध्यानात येत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत फोन वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर, त्यावर नकाशा, त्यावर वायफाय: फोन इतका गरम होतो की तो स्वतःच चार्जिंग थांबवतो, वेग कमी करतो आणि जोडणी सोडतो. लांबच्या प्रवासाला मी केबलच लावतो. वायरलेस ही छोट्या फेऱ्यांची सोय.

७. गाडीत फक्त केबलवालं आहे. वायरलेस करणारं डोंगल लावावं का?

डोंगल म्हणजे गाडीच्या यूएसबी पोर्टला लावायची छोटी डबी. केबलवालं कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो आधीपासून असेल तरच ती चालते. मुळात नसेल तर डोंगल ते नव्याने आणत नाही. जोडणीला थोडा वेळ लागतो, आणि स्क्रीनवर बोट लावल्यापासून हालचाल होईपर्यंत किंचित उशीर जाणवतो. गाडी बंद केल्यावरही त्या पोर्टला वीज येत राहते का, ते बघून घ्या. येत असेल तर डोंगल चालूच राहतं आणि फोन घरातूनही त्याला चिकटू शकतो (प्रश्न १३ पाहा).

८. नकाशा गाडीचा वापरू की फोनचा?

शहरात फोनचा, कारण ताजं ट्रॅफिक आणि बंद रस्ते त्यालाच कळतात. नेटवर्क नसलेल्या भागात गाडीचा, कारण त्याचे नकाशे आतच साठवलेले असतात. बोगद्यातही अंगभूत नेव्हिगेशनच सरस: उपग्रहाचा सिग्नल गेला तरी चाकांचा वेग आणि वळणाची दिशा यांवरून ते गाडी कुठवर आली याचा हिशेब लावत राहतं. फोनवरच अवलंबून राहायचं असेल तर निघण्याआधी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. दोन्ही एकदम लावू नका. एक 'डावीकडे वळा' म्हणतो तेव्हा दुसरा 'सरळ जा' म्हणत असतो.

९. गाडी चालू लागली की कीबोर्ड लॉक होतो. शेजारी बसलेल्याला तरी टाइप करू द्यायला काय हरकत आहे?

स्क्रीनवर पडलेलं बोट चालवणाऱ्याचं की शेजारच्याचं, हे बहुतेक गाड्यांना कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच बंदी. यामागे साधा हिशेब आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रस्त्यावरून नजर काढायची तर एका वेळी २ सेकंदांपेक्षा जास्त नको आणि एका कामासाठी सगळ्या नजरा मिळून १२ सेकंदांपेक्षा जास्त नको. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी २ सेकंदांत ४४ मीटर जाते. एखाद्या गावाचं नाव टाइप करायला किती वेळा मान खाली जाते, ते उभ्या गाडीत मोजून बघा.

शेजारच्याने आपल्या फोनवर पत्ता शोधून तुमच्या फोनला पाठवावा. गाडी थांबली की एका स्पर्शात तो लागतो. किंवा तोंडाने सांगा. हँडब्रेकची तार गाडीच्या धातूच्या सांगाड्याला (अर्थिंगला) जोडून हे लॉक उडवून देणारे लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. त्याच तारेवर चालू गाडीत व्हिडिओ दिसू न देण्याची व्यवस्थाही असते.

१०. आमच्या गाडीत एसीसुद्धा स्क्रीनवरच आहे. चालवताना हे कसं सांभाळायचं?

तक्रार रास्त आहे, आणि तुमची एकट्याची नाही. स्वीडनच्या वी बिलेगारे या मासिकाने २०२२ मध्ये एका जुन्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने चाचणी घेतली: सीट गरम करणं, तापमान दोन अंश वाढवणं, रेडिओचं स्टेशन लावणं, ट्रिप मीटर शून्यावर आणणं अशी कामं. चालकांना गाडी आधी ओळखून घ्यायला वेळही दिला होता. नुसत्या बटणांची २००५ सालची व्होल्व्हो व्ही७० होती, तिच्यात सगळं १० सेकंदांत उरकलं. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आरमध्ये तेच करायला ४४.९ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर पुढे गेली.

वारं आता थोडं उलटं फिरतंय. गाड्यांना सुरक्षेचे गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या २०२६ पासूनच्या नियमांत पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर इंडिकेटर, हझार्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीचं बटण यांना हाताला लागणारं वेगळं बटण किंवा दांडी असावी लागते. तसा हा वादही जुनाच. १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरात टीव्हीसारख्या काचेच्या नळीची टचस्क्रीन होती, एसी आणि रेडिओ त्याच्यावरच. चालवणाऱ्यांनी कुरकुर केली आणि काही वर्षांत तिथे पुन्हा बटणं आली.

तुमच्या हातातली गाडी मात्र आहे तीच आहे. एसी ऑटोवर टाका आणि तापमान एकदाच ठरवा. पंख्याचा वेग सारखा बदलायची वेळच येऊ नये. मुख्य स्क्रीनवरचे शॉर्टकट आपल्या कामाप्रमाणे लावा: बहुतेक गाड्यांत एखादं चिन्ह दाबून धरलं की ते हलवता येतं. स्टिअरिंगवर एखादं बटण आपल्या पसंतीच्या कामाला जोडता येतं का ते सेटिंगमध्ये शोधा. स्पर्श करताना अंगठा किंवा करंगळी स्क्रीनच्या कडेला टेकवा. हात अधांतरी असला की खड्ड्यात बोट भलत्याच चौकोनावर पडतं. आणि काचेवरचं धुकं घालवायचं बटण कुठे आहे, हे पाऊस सुरू होण्याआधी पाठ असू द्या. ज्याची गरज ऐन वेळी पडते असं ते एकच बटण आहे.

११. बोलून सांगितलं तर कधी गाडी उत्तर देते, कधी फोन. असं का?

असिस्टंट दोन आहेत. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगवरचं बटण टिचकीसारखं दाबलं की गाडीचा, दाबून धरलं की फोनचा. एसी, काचा, रेडिओ ही कामं गाडीच्या असिस्टंटची. नाव सांगून कॉल लावणं, मेसेज पाठवणं, पत्ता शोधणं ही फोनच्याची. फोनच्या असिस्टंटला 'एसी कमी कर' सांगून तो ऐकत नाही म्हणून चिडण्यात अर्थ नाही. नावांच्या बाबतीत गफलत होते ती असिस्टंटची भाषा एक आणि नंबर साठवताना वापरलेली लिपी दुसरी असल्यामुळे. 'आई', 'ताई', 'ऑफिस खालचा मजला' असे नेहमीचे चार-सहा नंबर स्क्रीनवर फेव्हरिटमध्ये टाकून ठेवा.

१२. गाणी हळू वाजतात आणि नकाशाचा आवाज एकदम अंगावर येतो. कसं जुळवायचं?

गाणी, कॉल, नकाशाच्या सूचना आणि असिस्टंट यांचे आवाज गाडी वेगवेगळे लक्षात ठेवते. जो आवाज बदलायचा तो चालू असतानाच बटण फिरवायचं. नकाशा बोलत असताना आवाज कमी केला की नकाशाचाच कमी होतो. तो गप्प झाल्यावर फिरवला की गाण्यांचा. सूचना दोन सेकंदांत संपते, म्हणून गाडी उभी करून नकाशातलं 'आवाज तपासा' वापरा किंवा सेटिंगमध्ये वेगळी पट्टी शोधा.

साध्या ब्लूटूथवर आणखी एक भानगड: फोनचा आवाज वेगळा, गाडीचा वेगळा. फोन निम्म्यावर आणि गाडी पूर्ण, असं असेल तर खरखर वाढते. फोन जवळजवळ पूर्ण ठेवा आणि पुढचं गाडीवर करा.

१३. घरात दोन फोन आहेत. गाडी नेहमी चुकीचाच का पकडते?

कारण गाडी एकतर शेवटचा जोडलेला फोन शोधते किंवा यादीत वरचा. फोनच्या यादीत प्राधान्य ठरवायची सोय बहुतेक गाड्यांत असते. एकाला पहिला क्रमांक द्या.

खरा गोंधळ खाली पार्किंगमध्ये होतो. एक जण गाडी सुरू करतो, दुसरा वर खिडकीशी फोनवर बोलतोय. ब्लूटूथ तेवढं पोचतं. वरच्याला अचानक पलीकडचा आवाज येईनासा होतो, आणि खाली गाडीच्या स्पीकरवर त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. अशा वेळी फोनवरच्या कॉलच्या पडद्यावर आवाजाचं चिन्ह दाबून 'फोन' निवडा, बोलणं परत येतं. उतरता उतरता कॉल आला तरी हाच इलाज. रोजच होत असेल तर ज्याची ती गाडी नाही त्याच्या फोनमध्ये आपोआप जोडणं बंद करा.

१४. समोरच्याला माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतो?

माइक बहुतेक छताला, आरशाजवळ किंवा स्टिअरिंगच्या मागे असतो. एसीचा झोत त्याच्यावर येत असेल तर समोरच्याला वाराच ऐकू येतो. झोत खाली वळवा. मागच्या काचा उघड्या नकोत. घुमत असेल तर गाडीचा आवाज दोन घरं कमी करा, कारण स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतो.

१५. पेनड्राइव्हवर गाणी आहेत पण गाडीला दिसत नाहीत.

पेनड्राइव्ह कोणत्या प्रकारे फॉरमॅट केलाय ते बघा. एफएटी३२ जवळपास प्रत्येक गाडी वाचते, एक्सफॅट बऱ्याच नव्या गाड्या वाचतात, एनटीएफएस अनेकांना कळत नाही. एमपी३ सगळीकडे चालतं. फ्लॅक चालेल का ते गाडीच्या पुस्तकात बघा. क्रम उलटासुलटा वाजत असेल तर फाइलच्या नावापुढे ०१, ०२ असे आकडे द्या, एकअंकी नकोत. अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरवरून कॉपी केल्यास प्रत्येक गाण्याच्या जोडीला एक लपलेली छोटी फाइल येते आणि गाडी तिला 'न वाजणारं गाणं' समजते. त्या पुसल्या की काम होतं.

१६. स्क्रीन हँग झाली किंवा काळी पडली. काय करू?

घाबरू नका, इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग तिच्यावर चालत नाहीत. सुरक्षित जागी थांबा आणि आवाजाचं किंवा पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बऱ्याच गाड्यांत सिस्टिम पुन्हा सुरू होते. टेस्लात स्टिअरिंगवरची, अंगठ्याने फिरवायची दोन्ही छोटी चाकं एकदम दाबून धरायची असतात. बटण नसेल तर गाडी बंद करा, उतरा, लॉक करा आणि किल्ली घेऊन थोडं लांब जा. दार उघडेपर्यंत किंवा लॉक होईपर्यंत सिस्टिम जागीच असते, म्हणून नुसतं बंद-चालू केल्याने अनेकदा काही होत नाही. बॅटरीची तार काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने काचा, घड्याळ, कधी कधी रेडिओचा कोडही पुन्हा लावावा लागतो. तो शेवटचा उपाय.

आवाज येतोय पण चित्र नाही, असं असेल तर प्रश्न १७ आधी वाचा.

फॅक्टरी रीसेट करूनही ती सतत स्वतःच बंद-चालू होत राहिली तर दुरुस्तीला न्या. अशा रोगाची कारणं विचित्र असू शकतात. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत सिअ‍ॅटल भागात २०१४ ते २०१७ च्या काही माझदा गाड्या केयूओडब्ल्यू या एकाच रेडिओ केंद्रावर अडकून बसल्या, स्टेशन बदलेना, स्क्रीन पुन्हा पुन्हा सुरू होई. केंद्राने प्रसारणासोबत पाठवलेल्या चित्रांच्या फाइलच्या नावाला शेवटचं एक्स्टेन्शन (.jpg सारखं, फाइल कुठल्या प्रकारची ते सांगणारं) नव्हतं, आणि गाड्यांच्या सिस्टिमला ते पचलं नाही.

१७. दिवसाढवळ्या स्क्रीन अचानक अंधारी होते. बिघाड आहे का?

हेडलाइट लावले की स्क्रीन रात्रीच्या रंगात जाते, म्हणून पावसाळी दुपारी हे हमखास होतं. डॅशबोर्डचा प्रकाश कमी-जास्त करायची चकती असेल तर ती वर फिरवा. काही गाड्यांत ती टोकाला नेली की रात्रीचा रंग तात्पुरता रद्द होतो. प्रचंड तापलेली स्क्रीन स्वतःला वाचवण्यासाठी प्रकाश कमी करते, तेव्हा आधी गाडी थंड होऊ द्या. आणि गॉगल काढून बघा. पोलराइज्ड काचांतून काही स्क्रीन पार काळ्या दिसतात. मान तिरकी केल्यावर चित्र दिसू लागलं तर दोष गॉगलचाच.

१८. स्पर्श एकीकडे, उघडतं दुसरंच. किंवा कुणी हात न लावता आपोआप काहीतरी दाबलं जातं.

आजच्या बहुतेक स्क्रीन बोटातून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतभारावर चालतात. साधे हातमोजे घातले की त्यांना बोट कळत नाही, आणि पाण्याचा थेंब त्यांना बोट वाटू शकतो. आधी स्क्रीन कोरडी पुसा. वरून चिकटवलेली काच किंवा फिल्म असेल तर काढून बघा; तिच्याखाली एका कोपऱ्यात हवा शिरली की आपोआप दाबलं जाण्याचे प्रकार सुरू होतात. मग हलक्या दर्जाचा चार्जर काढून बघा. यातूनही सुटलं नाही तर काचेखालचा थर सुटला असेल, ते काम घरचं नाही.

पुसायला मऊ मायक्रोफायबर, गरज पडल्यास किंचित ओलं. काच साफ करायचा अमोनियाचा फवारा वापरू नका, चमक कमी करणारा थर निघतो. द्रव कापडावर घ्या. थेट स्क्रीनवर मारला तर कडेने आत उतरतो.

१९. रिव्हर्स कॅमेऱ्यातल्या रेषांवर किती भरवसा ठेवायचा?

बेताचा. स्टिअरिंग फिरवल्यावर रेषा वळतात का ते बघा. वळत असतील तर गाडी कुठे जाणार हे त्या दाखवतात. स्थिर असतील तर फक्त गाडीची रुंदी आणि अंदाजे अंतर. भिंग रुंद कोनाचं असल्यामुळे मागची वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. रेषा जमिनीच्या पातळीवर मोजलेल्या असतात, त्यामुळे ट्रकच्या मागच्या बाजूला बाहेर आलेली सळई त्यांच्या हिशेबात नसते. चित्र धुरकट असेल तर पहिल्यांदा भिंगावरचा चिखल पुसा, आश्चर्य वाटेल इतके प्रश्न तिथेच संपतात. गाडी सुरू करून लगेच रिव्हर्स टाकला की चित्र यायला उशीर होतो का, तेही बघा. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना कॅमेरा सक्तीचा आहे आणि चित्र २ सेकंदांत यावं असा नियम आहे. तुमच्या गाडीत त्याहून वेळ लागत असेल तर तोवर आरसे वापरा.

२०. अपडेट आलंय. करू की राहू देऊ?

करा, पण निघायच्या तोंडावर नको. काही अपडेट चालू असताना गाडी वापरता येत नाही, आणि मध्येच वीज गेली तर सिस्टिम अर्धवट राहते. बॅटरी जुनी झाली असेल तर सर्व्हिसच्या वेळी करून घ्या. पेनड्राइव्हवरून करत असाल तर तुमच्या मॉडेलचीच फाइल घ्या आणि काम संपेपर्यंत पेनड्राइव्हला हात लावू नका. अपडेटनंतर फोन जोडला जात नसेल तर दोन्हीकडून जुनी जोडणी पुसून प्रश्न ४ प्रमाणे नव्याने जोडा.

२१. सिस्टिम जुनी झाली की मंद का होते?

अ‍ॅप वाढतात, चिप तीच राहते. शिवाय आतली फ्लॅश मेमरी ठराविक वेळाच लिहिता येते. टेस्लाला २०२१ मध्ये जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स मिळून सुमारे १,३५,००० गाड्या याच कारणाने परत बोलवाव्या लागल्या. ८ जीबीची मेमरी नोंदी लिहून लिहून झिजली की स्क्रीन जाई, आणि तिच्यासोबत रिव्हर्स कॅमेराही. तुमच्या हातात आहे ते एवढंच: न लागणारे जुने फोन, जुने पत्ते आणि नको ती अ‍ॅप काढून टाका.

२२. स्क्रीनवरचं घड्याळ एके दिवशी वीस वर्षं मागे गेलं. हे काय?

घड्याळ उपग्रहाकडून वेळ घेतं. जीपीएसच्या जुन्या पद्धतीत आठवडे मोजायला १,०२४ पर्यंतचीच जागा आहे, म्हणजे साधारण १९.६ वर्षं, मग मोजणी शून्यावर येते. असा पलटा ६ एप्रिल २०१९ ला आला होता. सॉफ्टवेअरने त्याची सोय केली नसेल तर तारीख घसरते. तारखेच्याच हिशेबाचा घोळ १ जानेवारी २०२२ ला होंडाच्या काही जुन्या गाड्यांत झाला, घड्याळं २००२ दाखवू लागली आणि हाताने बदलूनही परत तिथेच जाऊ लागली. सेटिंगमध्ये उपग्रहावरची वेळ बंद करून हाताने वेळ लावता येत असेल तर तसं करा, नाहीतर अपडेट मागा.

२३. गाडी बंद ठेवून तासभर गाणी ऐकली तर बॅटरी उतरेल का?

नवी असेल तर बहुधा नाही, तीन-चार वर्षांची असेल तर उतरू शकते. स्क्रीन, अ‍ॅम्प्लिफायर आणि पंखा मिळून चांगलीच वीज घेतात. इलेक्ट्रिक गाडीतही स्क्रीन छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. गाडी 'रेडी'मध्ये (चालवायला तयार) असेल तर मोठी बॅटरी तिला भरत राहते.

२४. गाडी विकताना स्क्रीनमधलं काय काय पुसायचं?

फोन काढून टाकला म्हणजे झालं, असं समजू नका. नंबरांची यादी आणि कॉलची नोंद कित्येक गाड्या आपल्याकडे कॉपी करून ठेवतात. नेव्हिगेशनमध्ये 'घर' आणि 'ऑफिस' असतं, मागचे पत्ते असतात. वायफायचे पासवर्ड, गाण्यांच्या अ‍ॅपचं लॉगिन, बंगल्याचं फाटक उघडणारा रिमोटचा कोड साठवला असेल तर तोही. सेटिंगमध्ये फॅक्टरी रीसेट करा, पुन्हा सुरू झाल्यावर नेव्हिगेशनमधलं 'घर' खरंच रिकामं दिसतंय ना ते बघा. मग आपल्या फोनमधून गाडीचं नाव पुसा आणि कंपनीच्या अ‍ॅपमधून गाडी आपल्या खात्यातून काढा. हे शेवटचं रीसेटने होईलच असं नाही.

भाड्याच्या गाडीत फक्त चार्जिंग हवं असेल तर १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये चार्जर लावा. यूएसबीला लावलाच तर जी परवानगी विचारली जाईल तिला नकार द्या. परत करताना यादीतून आपला फोन काढा.

तुम्ही जुनी गाडी घेणारे असाल तर उलट बाजूने हेच करा. आधीच्या मालकाच्या अ‍ॅपमध्ये गाडी राहिली असेल तर त्याला ती कुठे उभी आहे ते दिसू शकतं, काही गाड्यांत दार उघडताही येतं. पैसे देण्याआधी त्याच्यासमोर बसून त्याच्या खात्यातून गाडी काढून घ्या, आणि लगेच तुमच्या नावावर नोंदवून बघा. नोंदणी अडली तर ती अजून त्याच्याच खात्यात आहे.